तीन मिनिटं चार सेकंदांच्या निरोपाचं उत्तर

प्रिय भिंगरी,

हे पत्र फाडून टाकण्याआधी निदान एवढा परिच्छेद वाच. तू मला एक प्रश्न विचारला होतास. मी त्याला उत्तर दिलं आणि ते साफ चुकीचं होतं. तुला फसवायचं म्हणून नव्हे. तू काय विचारलंस तेच मला ठाऊक नव्हतं. ते या मंगळवारी कळलं. आज शुक्रवार. मधले दोन दिवस तुझा बंद फोन लावण्यात गेले आणि आता माझ्या हाताशी जेमतेम सव्वादोन तास आहेत. चार वाजता तुमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरची ड्यूटी संपते. तोवर हे पाकीट त्यांच्या हातात पडलं नाही तर तुझ्यापर्यंत पोचायची दुसरी वाट मला माहीत नाही.

मी तुझ्याच हॉस्पिटलात बसलोय. पहाटेची पहिली बस धरून आलो. एव्हाना तू परत कामावर आली असशील, वॉर्डाच्या दारात गाठेन, असा माझा हिशेब. वॉर्डात गेलो तर मोठ्या सिस्टरनी आधी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग विचारलं, तुम्ही म्हणजे ते ‘ठीककाळजी’ बाबा ना? मला वॉर्डात नावच पडलंय म्हणे. तुझा फोन वाजला की बाकीच्या मुली विचारायच्या, बघ गं, आलं का ठीककाळजी? मग त्यांनी सांगितलं की तू अजून रजेवरच आहेस, खोलीही बदललीस, फोन घेत नाहीस, दारावर थाप मारली तरच कधीमधी उघडतेस. पत्ता मागितला तर म्हणाल्या, देता येणार नाही, तिनं बजावलंय, घरच्यांना तर मुळीच नाही. मी तिथेच उभा राहिलो. पाऊण तास. शेवटी त्याच कंटाळल्या. पत्र लिहून द्या, जाताना तिच्या हातात देते, वाचायचं की केरात टाकायचं ते तिचं ती बघेल, असं म्हणाल्या.

‘म्हणाल्या’ असं लिहितोय खरा, पण त्यांनी हे सगळं मला एका जुन्या केसपेपरच्या पाठीवर लिहून दिलं. कारण मी त्यांच्यापुढे हात जोडून म्हणालो होतो, मला ऐकू येत नाही, लिहून द्याल का? भिंगरी, हे वाक्य मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. तेही एका परक्या बाईसमोर. तुझ्यासमोर कधी जमलं नाही.

मला ऐकू येत नाही. पुन्हा लिहितो, म्हणजे हाताला सवय होईल. चाळिशीच्या आसपास उजवा कान मंद झाला, मग डावा. आता कोणी कानाशी तोंड आणून ओरडलं तर गादीखालून बोलल्यासारखं काहीतरी येतं, शब्द येत नाहीत. छापखान्यात मशीनखात्यात होतो तोवर हे छान झाकून गेलं, कारण त्या गोंगाटात कोणालाच काही ऐकू यायचं नाही, सगळे खाणाखुणांनीच बोलायचे. पुढे मुद्रितं तपासायच्या टेबलावर आलो. तिथे दिवसभर मान खाली, हातात लाल पेन. कोणी बोलतच नाही. मला वाटायचं, सुटलो.

घरी तुझी आई होती. तिला मी कधी सांगितलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही. पण ती माझ्याशी बोलताना नेहमी दिव्याखाली येऊन उभी राहायची. तुझा फोन आला की तो कानाला लावून माझ्यासमोर बसायची आणि तुझं एकेक वाक्य परत म्हणायची, ती म्हणतेय थंडी फार आहे, ती म्हणतेय बाबांना विचार स्वेटर घातला का. तू हसायचीस, आई, तू काय पोस्टमन आहेस का म्हणून. हे हसणंसुद्धा तीच मला सांगायची. तिच्या ओठांवरून मी तुला ऐकत होतो. मला तेव्हा वाटायचं, हिला सगळं दोनदा बोलायची खोड आहे. ती गेल्यावर चौथ्या दिवशी तुझा फोन आला, आणि त्या वाजणाऱ्या, थरथरणाऱ्या वस्तूकडे बघत बसलो, तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की तिला सगळं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून मी तुझा फोन उचलला नाही. इथे रेंज नसते, मशीनचा आवाज असतो, आत्ताच डोळा लागला होता. तीन वर्षं मी ही थापांची माळ ओढत राहिलो. मग तू आवाजी निरोप पाठवायला लागलीस. ड्यूटीवरून खोलीवर चालत जाताना बोलायचीस, हे आता मला कळतंय. तेव्हा मला दिसायची फक्त एक वरखाली रेघ आणि शेजारी आकडा. बावन्न सेकंद. एक मिनिट दहा. मी काय करायचो सांगू? तो निरोप चालू करून घड्याळाकडे बघायचो. बावन्न सेकंदांचा असेल तर बावन्न सेकंद थांबायचो, म्हणजे तुला वाटावं, बाबांनी पूर्ण ऐकला. आणि मग लिहायचो: ठीक. काळजी घे. मला ते सगळं लिहावंही लागत नसे. ‘ठी’ लिहिलं की पुढचं फोनच पुरं करून द्यायचा, इतकी त्याला सवय झाली होती.

कोणाला ऐकवून का नाही घेतलंत, असं तू विचारशील. ऐकवलं असतं तर कळलं असतं ना त्यांना. बस, एवढंच कारण. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आता मंगळवारचं सांगतो. छापखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी प्रणाली बसवली. मालकांनी एक शिकवणारा बोलावला होता. गळ्यात टाय होता म्हणून आमच्या ढब्बूनं दारातच त्याचं ‘टायवाला’ असं बारसं केलं. ढब्बू म्हणजे आमचा प्लेट बनवणारा, तू लहानपणी त्याच्या टेबलाखाली बसून रंगीत कागद कापायचीस, तोच. टायवाल्यानं भिंतीवर पडदा लावला. दोन कामं पडद्यावर शेजारीशेजारी कशी मांडायची, एकाच कॉम्प्युटरात घरचं आणि कामाचं अशी दोन वेगळी टेबलं असल्यासारखं कसं वागायचं, सगळं करून दाखवलं. मी नेहमीप्रमाणे मान डोलवत होतो. मग त्यानं सांगितलं की नव्या प्रणालीत तुम्ही नकलून घेतलेल्या मागच्या पंचवीस गोष्टी लक्षात राहतात, आणि रोज लागणारी एखादी ओळ तुम्ही टाचणी मारून कायमची ठेवू शकता. हे पडद्यावर लिहिलेलं होतं म्हणून मला कळलं. प्रत्येकानं एक ओळ टाचून बघा, असं तो म्हणाला. ढब्बूनं छापखान्याचा पत्ता टाचला. आराखडे करणाऱ्या काकूंनी ‘कृपया रंग तपासून कळवा’ टाचलं. मी काय टाचलं असेन? आता फोनवरच्या गोष्टी कॉम्प्युटरवरही येणार आहेत, तर ही ओळ हाताशी असलेली बरी, असा मी विचार केला. खूश झालो होतो मी, भिंगरी. ‘ठीक. काळजी घे.’ टाचणीसकट.

त्यानंतर त्यानं एक खूण दाबली आणि पडद्याच्या तळाशी काळी पट्टी उमटली. तो बोलत होता आणि त्याचे शब्द त्या पट्टीत उमटत होते. आपली भाषाही आता त्यात आली आहे, अडखळत का होईना. मी पहिल्यांदा समजलो, आधी लिहून ठेवलेलं असणार. पण पट्टीत आलं, खिडकी लावा हो कोणीतरी, ऊन येतंय. आणि काकू उठून खिडकी लावायला गेल्या. माईक टेबलाच्या मधोमध होता, त्यामुळे मागच्या रांगेतली कुजबुजही त्यात जायला लागली. आलं, चहा आज तरी गरम आहे का. आलं, टाय बघ, गळफास वाटतो. मग आलं, हे दादांच्या कामाचं आहे रे, निदान हाक मारली की कळेल तरी. त्याखाली आलं, गप की, वाचतील ते. दादा म्हणजे मी. आणि मी ते वाचलं. सगळ्यांनी वाचलं. सगळी खोली माझ्याकडे बघत होती आणि पट्टी कोरी होती.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षानुवर्षं. मी एकटाच लपलो होतो, तेही उघड्या माळावर.

जेवणाच्या सुट्टीत सगळे गेले, मी खुर्चीतच राहिलो. ढब्बू परत आला. माझ्यासमोर उजेडात उभा राहिला, तुझी आई उभी राहायची तसा, आणि सावकाश म्हणाला, दादा, फोन द्या. त्यानं माझा फोन कॉम्प्युटराला जोडला, ती पट्टी चालू केली, तुझे निरोप पडद्यावर आणले. त्रेचाळीस. मग एका वाया गेलेल्या मुद्रितावर त्यानं लिहिलं, मी दार लावून बाहेर बसतो, कोणाला आत सोडत नाही. आणि गेला.

मी पहिल्यापासून वाचलं. पट्टीत पूर्णविराम नसतात, स्वल्पविराम नसतात, तू कुठे श्वास घेतलास ते कळत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणारा माणूस मी, माझा हात आपोआप लाल पेनाकडे जात होता. पण ते यंत्र आणखी एक गोष्ट करतं. शब्द नसले तर आवाज कसला ते लिहितं. मधेच येई: पावलांचा आवाज. मधेच: हसणं. एकदा: किल्ल्यांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज. तू रोज मला तुझ्या दारापर्यंत नेत होतीस आणि मी घड्याळ बघत होतो. खाट नंबर सातचे आजोबा तुला मास्तरीणबाई म्हणतात, तू भात करपवलास, तुझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि तू अर्धा रस्ता एक पाय अनवाणी चाललीस. या सगळ्याला माझं उत्तर एकच.

अडतिसावा निरोप तीन मिनिटं चार सेकंदांचा होता. तू सांगत होतीस की तुला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. वॉर्डात घंटा वाजली तर कुठल्या खाटेची ते कळत नाही. कानाच्या डॉक्टरबाई विचारतात, घरात कोणाला असा त्रास आहे का, कारण उपचार त्यावरून ठरवायचे. आईकडे कोणाला नाही, मावशीला विचारलं. बाबा, तुमच्याकडे आहे का कोणाला? आजोबांना होतं का? आणि शेवटी, मला त्रास नको म्हणून, तू म्हणालीस, नसेल कोणाला तर जास्त लिहू नका, नेहमीसारखं ठीक काळजी घे लिहा, मी समजेन.

मी तीन मिनिटं चार सेकंद थांबलो, आणि ‘ठी’ लिहिलं.

पुढचे निरोप वाचताना माझी काय गत झाली ते लिहीत नाही. तुझी झाली त्यापुढे ती काहीच नाही. तू म्हणालीस, बरं झालं बाबा, कोणाला नाही, बाई म्हणाल्या मग कानाच्या नसेचं काहीतरी असेल, गोळ्या देऊन बघू. मग गोळ्यांनी गरगरतं म्हणालीस. मग डावा कान आणखी गेला म्हणालीस. मग बेचाळिसावा. रात्रपाळीच्या शेवटी एक आजी हाका मारत होत्या, तू पाठमोरी होतीस, तुला ऐकूच आलं नाही, त्या उठायला गेल्या आणि पडल्या. तुला रजेवर पाठवलं. पट्टीत आलं: रडण्याचा आवाज. मग आलं, बाबा एकदा फोन करा, लिहू नका, तुमचा आवाज ऐकायचाय, ऐकू येतंय तोवर.

एक मिनिट सव्वीस सेकंद. मी थांबलो होतो. आणि मग तेच लिहिलं होतं.

त्रेचाळिसावा नऊ सेकंदांचा. त्यात तू काहीच बोलली नाहीस. पट्टीसुद्धा कोरी राहिली. त्यालाही माझं उत्तर गेलं, बरोबर नऊ सेकंदांनी. त्यानंतर तुझा काही निरोप नाही. याला पाच महिने झाले. मी समजत होतो, पोरगी कामात असेल.

आपल्या घराण्यात पुरुष फार बोलत नाहीत, असं तू लहानपणापासून ऐकत आलीस. मीही ऐकत आलो, आणि अभिमानानं सांगत आलो. तुझे आजोबा जेवताना एक तळहात पाटाशेजारी जमिनीवर सपाट टेकवून बसायचे. कोणी जवळ आलं की जमिनीचा कंप त्यांना हाताला कळायचा आणि ते वर बघायचे. त्यांना हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. लोक म्हणायचे, काय भारदस्त माणूस आहे. त्यांचा थोरला भाऊ उतारवयात शेजारी दार ठोठावून दमले तरी उघडायचा नाही; लोक म्हणायचे, विरक्त झाला. मला हे सगळं माहीत होतं, भिंगरी. मी त्यांच्या हाताशेजारी हात टेकवून जेवलोय. भारदस्त कोणी नव्हतं. विरक्त कोणी नव्हतं. आम्ही सगळे बहिरे होतो आणि आपापल्या जागी गप्प बसून त्याला खानदान म्हणत होतो.

सव्वातीन झाले. हात भरून आलाय, अक्षर बिघडतंय, तरी वाच.

सकाळी मोठ्या सिस्टरनी मला वाटेला लावल्यावर मी सरळ तुझ्या कानाच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या फक्त शुक्रवारी असतात, आज सहापर्यंत आहेत. मी म्हणालो, माझ्या मुलीला सांगायचंय की घरात आहे. त्यांनी लिहून दिलं, तिच्या तब्येतीबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही, तिनं स्वतः यायला हवं. ती दोन महिने फिरकलेली नाही. मग पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचललं, तुमचे कान तपासायचे का? मी आयुष्यभर ज्या खुर्चीला भ्यालो तिच्यात बसलो. त्यांनी एक चिमट्यासारखा काटा वाजवून माझ्या कपाळावर धरला, कानामागच्या हाडावर धरला. हाडावर धरल्यावर मला ऐकू आलं, भिंगरी. एक बारीक, लांब सूर. किती वर्षांनी. कानाच्या आत एक इवलंसं हाड असतं, ते आमच्या घराण्यात घट्ट होऊन बसतं, म्हणून आवाज आत पोचत नाही. हे मशीनमुळे नाही, वयामुळे नाही, हे घरातून आलेलं आहे असं त्यांनी कागदावर सही करून लिहून दिलंय. मला फार उशीर झालाय. वेळेवर आलेल्या माणसाचं ते हाड एका छोट्या ऑपरेशनमध्ये मोकळं करता येतं, असंही लिहिलंय, आणि ‘वेळेवर’ या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली आहे. तुझंही तेच असेल का, ते त्या तुला तपासूनच सांगतील. पण त्यांना जे माहीत असायला हवं होतं ते मी दाबून ठेवलं होतं.

म्हणून हे पत्र. माफी मागायला नाही. ती मागायला आत्ता वेळ नाही आणि तोंडही नाही. पत्रासोबत माझ्या कानांचा तो कागद टाचला आहे. तो घेऊन बाईंना दाखव. तुझ्या तीन मिनिटं चार सेकंदांच्या निरोपाचं उत्तर: हो. आपल्याकडे आहे. आजोबांना होतं, त्यांच्या भावाला होतं, मला आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण कागद आजच दाखव. सहाच्या आत. आज नाहीच जमलं तर मी पुढच्या शुक्रवारी येईन, त्याच्या पुढच्या शुक्रवारीही येईन. छापखान्यात तसं सांगून आलोय, आणि ती टाचलेली ओळही काढून टाकून आलोय. बाईंच्या खोलीबाहेर लांब बाक आहे, त्यावर खिडकीच्या बाजूला, उजेडात बसलोय. तू आलीस तर लांबून हाक मारू नकोस. मला ऐकू येणार नाही आणि तुला वाटेल, बाबांनी पुन्हा ओ दिली नाही. सरळ समोर येऊन उभी राहा.

दाराकडे तोंड करून बसलेला,
तुझाच
बाबा